राहून गेलेलं काम मोज

रत्नागिरी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. सोशल मीडियाचा शाळकरी मुलांच्या शैक्षणिक जबाबदाऱ्यांवर काय परिणाम होतो, या तुझ्या प्रबंधाचा आराखडा दोनदा वाचला. हा विषय तू आपल्याच किनाऱ्यावरच्या शाळांत जाऊन करते आहेस, याचा मला मनापासून आनंद आहे. पण प्रश्नावलीतला पहिलाच प्रश्न खटकला. ‘तुम्ही रोज किती तास सोशल मीडिया वापरता?’ आणि या तासांची तुलना तू करणार दहावीच्या गुणांशी.

गुणांचं आधी बोलू. 2024 मध्ये कोकण विभागाचा दहावीचा निकाल 99.01 टक्के होता, 2025 मध्ये 98.82. शंभरातली अठ्ठ्याण्णव-नव्याण्णव मुलं जिथे पास होतात, तिथे पास-नापास पाहून फोनचा परिणाम तुला कसा कळणार? टक्केवारी घेतलीस तरी तिच्यात शिकवणी, घरचं वातावरण, अंतर्गत गुण असं सगळं कालवलेलं असतं. आणि तुझ्या शीर्षकात शब्द आहे ‘शैक्षणिक जबाबदाऱ्या’. मग त्याच बघ ना. प्रयोगवही वेळेत पुरी झाली का? गृहपाठ स्वतः केला, की ग्रुपवर आलेल्या फोटोवरून उतरवला? जागरणामुळे सकाळची एसटी चुकली का? चाचणीच्या आदल्या रात्री पुस्तक उघडलं का? ही राहून गेलेली कामं वहीत दिसतात, हजेरीत दिसतात. मुख्याध्यापकांची परवानगी घे आणि सलग चार आठवडे तीच मुलं, त्याच वह्या बघ. कंटाळवाणं काम आहे, पण तुझ्या प्रबंधाचं मोल त्यातच आहे.

आता तासांचं. मुलं खोटं बोलतात असं मी म्हणत नाही. त्यांना आठवतच नाही. जेवताना दोन मिनिटं, एसटीच्या थांब्यावर दहा, झोपताना ‘एकच रील’. याची बेरीज मोठ्यांनाही जमत नाही. 2021 मध्ये संशोधक डग्लस पॅरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. लोक सांगतात तो वापर आणि फोनमध्ये नोंदलेला वापर यांचा मेळ त्यांना बेताचाच आढळला. तू म्हणशील, मग फोनच्या सेटिंगमधली नोंदच घेते. जरूर घे, पण आपल्याकडे एक अडचण येते. कितीतरी घरांत फोन एकच असतो. दिवसा तो वडिलांच्या खिशात, संध्याकाळी बहिणीकडे, रात्री मुलाच्या हातात. ती नोंद फोनची असते, मुलाची नव्हे. म्हणून फोन कोणाचा आणि मुलाच्या हाती कधी येतो, हे आधी विचार.

एक गोष्ट सांगते, ती मनात ठेव. मी नववीच्या वर्गावर होते तेव्हा एका मुलाच्या वह्या कायम अर्ध्या असायच्या आणि वर्गात त्याला डुलकी लागायची. फोनवर पाच तास जातात, असं त्यानेच लिहून दिलं होतं. मी निष्कर्ष काढून मोकळी झाले, पालकसभेत त्याच्या आईला सुनावलंसुद्धा. पुढे कळलं, बोटी बंदराला लागल्या की तो पहाटे मासळी निवडायला जायचा. जून-जुलैत मासेमारी बंद असते, त्या दोन महिन्यांतल्या त्याच्या वह्या मी नंतर काढून पाहिल्या. पूर्ण होत्या. फोन तर तेव्हाही त्याच्याकडे होताच. त्या माऊलीची मी माफी मागितली, पण ती सभा अजून विसरता येत नाही. म्हणून तुझ्या फॉर्मवर घरकामाचा, बंदरावरच्या कामाचा, आंब्याच्या हंगामाचा रकाना हवाच. आणि गणपतीच्या किंवा शिमग्याच्या आठवड्यात मोजणी करू नकोस. चाकरमानी घरी आले की अख्ख्या वाडीचं वेळापत्रक बदलतं.

‘वापर’ हा एकच शब्द धरूनही चालणार नाही. गृहपाठ व्हॉट्सॲपवरच येतो, गणिताची न कळलेली पायरी मुलगी यूट्यूबवर बघते आणि त्याच फोनवर इन्स्टाग्रामही उघडतं. ‘असर’ या शालेय शिक्षणाच्या देशव्यापी अहवालासाठी 2024 मध्ये झालेल्या ग्रामीण पाहणीत, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या 14 ते 16 वयाच्या मुलांपैकी 57 टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासाशी संबंधित कामासाठी वापरला होता, तर 76 टक्क्यांनी सोशल मीडियासाठी. या दोन आकड्यांत बरीचशी मुलं तीच आहेत. तेव्हा मुलांचे दोन गट पाडू नकोस. अभ्यासाला म्हणून फोन उघडला आणि पुढे काय झालं, ते विचार. माझ्या मते तुझा खरा प्रश्न तिथे आहे.

कारण आणि परिणाम उलटेही असू शकतात. गणित न समजणारं मूल वहीपासून पळतं आणि फोनमध्ये शिरतं. इंग्लंडमधल्या शाळांत फोनबंदी झाली, तेव्हा काय घडलं ते बेलंड आणि मर्फी या अर्थतज्ज्ञांनी 2016 च्या शोधनिबंधात मांडलं आहे. फायदा मुख्यतः अभ्यासात मागे असलेल्या मुलांना झाला, पुढच्यांना फरक पडला नाही. तूही सगळ्यांची एकच सरासरी काढून थांबू नकोस. मागच्या बाकावरची मुलं वेगळी बघ.

मुलं अठराच्या आतली आहेत, म्हणून पालकांची लेखी संमती घे आणि मुलाचा स्वतःचा होकारही घे. फॉर्म वर्गशिक्षकांना गोळा करायला देऊ नकोस. त्यांच्या हातात जाणार म्हटलं की खरं कोण लिहील? नाव गाळलंस तरी ‘नववीतली मुलगी, अमुक वाडी, वडील बोटीवर’ एवढ्यावरून गावात कोणीही ओळखतं. वाडीचं नाव काढ.

सुरुवात पाच मुलांपासून कर. त्यांची आठवडाभराची टिपणं झाली की ती घेऊन रविवारी दुपारी ये. आकडे नुसते नकोत, वहीत जिथे काम अर्धं सुटलंय त्या पानांची नोंदही आण. आपण दोघी बसून बघू.

तुझी,
बाई