आईला मधुमेह आहे, मिश्रीही लावते. रोज दोनदा ब्रश करूनही हिरड्या सुजतात, याचा संबंध असेल का?

हो, संबंध आहे, आणि मधुमेह व मिश्री मिळून हिरड्यांचं जास्त नुकसान करतात. दातांवर साचणारा जंतूंचा थर हे मूळ कारण, पण शरीर त्याच्याशी किती झुंजू शकतं हे तब्येतीवर अवलंबून असतं. साखर सतत चढलेली राहिली की हिरड्यांतल्या बारीक रक्तवाहिन्या बिघडतात, पांढऱ्या पेशी नीट काम करत नाहीत, सूज लवकर उतरत नाही. उलटंही तितकंच खरं, आणि हे फार कमी जणांना सांगितलं जातं: हिरड्यांची जुनी सूज साखर आटोक्यात येऊ देत नाही. हिरड्यांखालची खोल सफाई करून घेतल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी, टक्क्यांत मोजतात) साधारण ०.४ ने उतरल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. म्हणून दंतवैद्यांकडे जाताना साखरेचा ताजा रिपोर्ट सोबत न्याच.

मिश्री म्हणजे भाजून कुटलेली तंबाखूच. ती बोटाने जिथे रोज घासली जाते, तिथली हिरडी मागे सरकते, मुळं उघडी पडतात आणि गार पाणी झोंबायला लागतं. तोंडाच्या कर्करोगाचा धोका वेगळाच. ती सोडवायला मदत करा, कृपया.

मात्र आई रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन घेत असतील, तर काहींच्या हिरड्या त्या गोळीनेही फुगतात. गोळी परस्पर बंद करू नका, आधी डॉक्टरांना विचारा.