सुरुवात मुंडकाराच्या घरापासून करा

न्याय आणि स्वातंत्र्य यांचा अभ्यास व्याख्या पाठ करून सुरू करू नका. आपल्या गोव्यातील भाटकार (जमीनमालक) आणि मुंडकार (त्याच्या जमिनीवर घर करून राहणारा) यांचे नाते आधी डोळ्यांसमोर आणा. भाटकार सज्जन असेल, कधी आडकाठी करत नसेल, तरी घराखालची जमीन त्याची म्हणून त्याची मर्जी सांभाळून बोलणारा मुंडकार स्वतंत्र म्हणावा काय? तत्त्वज्ञ आयझाया बर्लिन यांनी १९५८ मध्ये मांडलेल्या नकारात्मक स्वातंत्र्याच्या, म्हणजे हस्तक्षेपाच्या अभावाच्या, कसोटीवर तो बहुधा स्वतंत्रच ठरेल. दुसरे तत्त्वज्ञ फिलिप पेटिट मात्र दुसऱ्याच्या मनमानीखाली जगणे हेच पारतंत्र्य मानतात. मुंडकाराला घरातून काढण्यापासून संरक्षण देणारा १९७५ चा कायदा मला या दुसऱ्या विचाराजवळचा वाटतो. न्यायाचा सिद्धांत मांडणारे जॉन रॉल्स नंतर वाचा (ते रुक्ष वाटतील, कंटाळू नका). आपण भाटकाराच्या घरी जन्मणार की मुंडकाराच्या, हे ठाऊक नसताना कोणते नियम मान्य कराल, अशा रूपात त्यांचा प्रश्न स्वतःला विचारा.