उष्णतेच्या लाटेत इमर्जन्सीवरचा भार: नुसते उष्माघात मोजू नका

प्रश्न असा आलाय: पारा चढला तरी इमर्जन्सीच्या रजिस्टरमध्ये उष्माघाताचे दोन-चारच रुग्ण दिसतात, मग जादा स्टाफ कोणत्या आकड्यावर मागायचा?

रजिस्टर खोटं नाही, निदानाचे निकषच कडक आहेत. शरीराच्या आतलं तापमान ४० अंशांच्या वर आणि सोबत बरळणं, झटके किंवा बेशुद्धी, तरच त्याला उष्माघात म्हणतात. बाकीची गर्दी दुसऱ्या नावांनी आत येते: चक्कर येऊन पडलेले, डिहायड्रेशन झालेले, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्तातली पातळी) अचानक वाढलेले, सोडियम बिघडलेले, जुनं हार्ट फेल्युअर बळावलेले. आयसीडी-१० (आजारांचं आंतरराष्ट्रीय वर्गीकरण) मधला उष्णतेच्या विकारांचा टी-६७ हा एकच कोड मोजलात तर खरा भार हातातून निसटतो. डिहायड्रेशनचा ई-८६ आणि किडनी अचानक निकामी होण्याचा एन-१७ सोबत धरा. ६५ वर्षांवरच्या रुग्णांची एकूण संख्या वेगळ्या रकान्यात ठेवा.

आता मागणी कसली करायची? कॅलिफोर्नियात जुलै २००६च्या लाटेत इमर्जन्सीत नेहमीपेक्षा १६,१६६ भेटी जास्त झाल्या, भरती मात्र १,१८२च वाढल्या. ताण दारात पडतो, वॉर्डात त्या मानाने कमी. म्हणून आधी ट्रायाजला (आलेल्या रुग्णांची तातडीनुसार वर्गवारी करायला) माणसं आणि काही तास सलाईन लावून बसवता येईल अशी निरीक्षणाची जागा मागा, खाटा नंतर.

इमर्जन्सीतल्या भेटींचा आकडा तापमानाबरोबर सरळ रेषेत वाढत नाही. एका पातळीपर्यंत जवळजवळ सपाट, मग एकदम उसळी. ती पातळी तिथल्या लोकांना किती उष्णतेची सवय आहे यावर ठरते. अमेरिकेच्या वॉशिंग्टन, ओरेगन, आयडाहो आणि अलास्का या पट्ट्यात २८ जून २०२१ला उष्णतेच्या विकारांच्या १,०३८ भेटी नोंदल्या गेल्या. २०१९मध्ये त्याच तारखेला ९ होत्या. एक्सेलमधली सरळ ट्रेंडलाइन इथे फसवते. क्वासी-पॉइसन रिग्रेशन (रोजच्या मोजणीच्या आकड्यांसाठीची सांख्यिकी पद्धत) वापरा. त्यात दिवसाचं कमाल तापमान, रात्रीचं किमान, आधीच्या ३ दिवसांची सरासरी, आठवड्याचा वार आणि ‘मोसमातली पहिली लाट’ अशी हो-नाहीची खूण घाला.

किमान तापमान बरेच जण गाळतात, तेच महागात पडतं. रात्र तापलेलीच राहिली की शरीराला सावरायला वेळ मिळत नाही. पहिल्या लाटेचं कारण वेगळं: लवकर घाम सुटणं, घामातलं मीठ कमी होणं हे बदल व्हायला ७ ते १४ दिवस लागतात. तोवर तेच तापमान जास्त बाधतं. मेहनतीचं काम करणारे, त्यातही कामावर नवे लागलेले, लगेच येतात, बहुधा दुपारी-संध्याकाळी. बंद घरातले वृद्ध दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, म्हणून पारा उतरला त्याच दिवशी जादा पाळी रद्द करू नका.

खरे उष्माघात थोडे असले तरी तयारी त्यांच्यासाठीच हवी. बर्फ, पाणी आणि जलरोधक बॉडी बॅग (मृतदेह ठेवायची पिशवी) हाताशी असू द्या. रुग्णाला त्यात ठेवून मानेपर्यंत बर्फाचं पाणी भरता येतं, डोकं बाहेर. उद्दिष्ट: ३० मिनिटांत ३९ अंशांच्या आसपास. तिथे थांबा, नाहीतर तापमान गरजेपेक्षा खाली घसरतं. बर्फ नसेल तर अंगावर पाणी फवारून जोराचा पंखा. हे संथ आहे, पण वृद्धांना सोसतं. तापमान गुदद्वारातूनच मोजा, काखेतलं किंवा कपाळावरचं कमी दाखवू शकतं. घाम येतोय म्हणून उष्माघात नाही असं समजू नका, श्रमाने झालेल्या प्रकारात घाम चालूच असतो. पॅरासिटामॉलचा उपयोग नाही, कारण हा ताप नव्हे. शिवाय लिव्हर आधीच होरपळलेलं असतं. शुद्धीवर आलेल्यालाही त्याच दिवशी घरी सोडू नका: लिव्हरची एन्झाइम्स आणि सीपीके (स्नायूंना इजा झाल्यावर रक्तात वाढणारं एन्झाइम) २४ ते ७२ तासांत वर चढतात, तेव्हा त्या तपासण्या आणि रक्त गोठण्याची चाचणी दुसऱ्या दिवशी पुन्हा करा.