ताईत घरचाच बरा

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की तुमच्याकडे एखादी अगदी साधी वस्तू आहे का जी तुम्ही 'लकी' म्हणून जपता, आणि अशी वस्तू स्वतः करायची तर काही शंका आहेत का. पत्रं मस्त आली. त्यातली पाच घेतलीयेत, नावं मुद्दाम छापली नाहीत.

ताई, मी पुण्यात राहून एमपीएससी करतेय. आजीच्या इरकली लुगड्याचा एक तुकडा माझ्याकडे आहे, त्याचं छोटं काहीतरी करून परीक्षेला जवळ ठेवावं असं फार वाटतं. रूममेट हसतात. ही अंधश्रद्धा का? आणि नसेल तर करू कसं?

हसू देत. त्यांच्यातल्याच एकीच्या पाऊचमध्ये बारावीपासूनचं एक ठरलेलं पेन असणार, बघ शोधून.

आता खरं सांगायचं तर त्याने मार्क वाढतील असं मी म्हणणार नाही. 2010 मध्ये जर्मनीतल्या संशोधकांचा एक प्रयोग खूप गाजला होता, काही लोकांना गोल्फचा बॉल देताना सांगितलं की हा लकी आहे आणि म्हणे त्यांचे बॉल जास्त वेळा खड्ड्यात गेले, ही बातमी जगभर फिरली, पण 2014 मध्ये अमेरिकेत दोघांनी जास्त माणसं घेऊन तोच प्रयोग परत केला तेव्हा फरक काहीच दिसला नाही. ही दुसरी बातमी मात्र कोणी फॉरवर्ड करत नाही. त्यामुळे आजीचा तुकडा मार्कांसाठी नको ठेवूस, आजीसाठी ठेव. ते पुरेसं कारण आहे, त्याला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

करायचं असं. तुकड्यात काठ असेल तर काठच घे, कारण जुन्या लुगड्याचं अंग विरलेलं असतं आणि सुई लावली की फाटत जातं, काठ टिकतो. मुठीत मावेल एवढाच आकार ठेव. आतून जुन्या सुती कपड्याचं अस्तर लाव आणि चारी बाजूंनी गोधडीला घालतात तसा साधा धावदोरा घाल, मशीन नको, हातानेच. टाके वाकडे आले तर येऊ देत, उसवू नकोस. आत काय भरायचं ते तुझं तू ठरव, रिकामं ठेवलंस तरी चालेल.

आणि हे महत्त्वाचं, ते परीक्षेच्या हॉलसाठी करू नकोस. आत काय न्यायचं याचे नियम कडक असतात आणि गेटवर कोणाशी वाद घालणार? अभ्यासाला बसताना टेबलावर ठेवायचं, उठताना ड्रॉवरमध्ये. पेपरच्या दिवशी खोलीवरच ठेवून जायचं हे आत्ताच ठरवून टाक, नाहीतर गेटवर बॅगेत ठेवायला लावलं की पहिला अर्धा तास त्यातच जायचा.

माझी मुलगी पाच महिन्यांची आहे. सासूबाईंचं म्हणणं की काळ्या दोऱ्यात वाघनख आणि बजरबट्टू ओवून तिच्या गळ्यात घालायचं. वाघनख त्यांच्या माहेरचं जुनं आहे. नाही म्हटलं की रुसतात, दोन दिवस बोलत नाहीत. काय करू? (ठाणे)

गळ्यात काहीही नाही. इथे मधला मार्ग वगैरे काही नाही. पाच महिन्यांचं बाळ आता पालथं पडायला लागणार, दोरा कशात अडकला तर फास बसतो आणि मणी सुटला तर तो आधी तोंडातच जातो. धातूचे मणी असतील तर अजून एक भानगड. न्यूयॉर्कमध्ये 2009 साली एका बाळाच्या रक्तात शिसं सापडलं, शोधत गेले तर ते आलं होतं गळ्यातल्या ताइतातून, कारण घातलेल्या मण्यांतच भरपूर शिसं होतं आणि पोर ते चोखत होतं. आईबापांनी बिचाऱ्यांनी रक्षणासाठीच घातलेलं होतं.

वाघनखाचं तर वेगळंच. खरं असेल तर 1972 च्या वन्यजीव कायद्यानुसार मालकीचा सरकारी दाखला लागतो, तो नसेल तर माहेरचं असो की पणजोबांचं, घरात ठेवणं गुन्हा आहे. आणि बाजारात शिंगातून कोरलेली खोटी नखं भरपूर आहेत, त्यामुळे तेही असू शकतं. दोन्हीपैकी काहीही असलं तरी बाळाच्या अंगावर नको. खरं निघालं तर एखाद्या वकिलाला विचारून वनखात्याशी बोला.

पण सासूबाईंना नुसतं 'नाही' म्हणू नकोस गं. त्यांना दृष्टीची भीती वाटतेय म्हणजे नातीचं कौतुक आहे. त्यांना एक काम दे. कुंची घ्या, तिच्या मागच्या टोकाला काळ्या दोऱ्याने भरीव गोल तीट भरायला सांग, रुपयाएवढी, मणी नाही, टिकली नाही, नुसता दोरा. मागच्या गाठी आतल्या अस्तराखाली जाऊ देत म्हणजे बाळाला टोचत नाहीत. त्यांच्या हातचं आहे म्हटल्यावर मिरवतीलसुद्धा. मनगट्या घालायच्याच असतील तर फोटोपुरत्या, तुम्ही समोर असताना, आणि फोटो झाला की काढायच्या. सुरमा किंवा कुठलंही विकतचं काजळ डोळ्यात नको, त्यात शिसं असू शकतं.

आमचं लातूरला धान्याचं दुकान आहे. धंदा मंदावला म्हणून मी ऑनलाइन 'सिद्ध हत्था जोडी' मागवली, 2,100 रुपये गेले. चांदीच्या डबीत शेंदूर लावून गल्ल्यात ठेवलीय. मुलगा म्हणतो फेकून द्या. तिच्याने काही होतं का?

दादा, होतं. केस होऊ शकते.

विकणारे सांगतात की ही जंगलातल्या झाडाची मुळी आहे, दोन हात जोडल्यासारखी दिसते वगैरे. तसं काही झाड नाही. ते नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय आहे. 2017 मध्ये हा ऑनलाइन धंदा उघडकीला आला तेव्हा कितीतरी लोकांना पहिल्यांदा कळलं की आपण देव्हाऱ्यात काय ठेवलंय. घोरपड कायद्याने पहिल्या परिशिष्टातला संरक्षित प्राणी, तिचे अवयव विकणं-बाळगणं यात तीन ते सात वर्षं कैदेची तरतूद आहे. जिच्या नावाने आपण पोरांना सिंहगडाची गोष्ट सांगतो तिचे हे हाल! फ्रेम करून भिंतीवर लावतात ते 'इंद्रजाल' पण असंच, वनस्पती म्हणून विकतात आणि असतो तो समुद्रातला प्राणी, तोही संरक्षित. आता गंमत अशी की बाजारात प्लॅस्टिकची हत्था जोडी पण विकतात, आणि तुमची तशी निघाली तर माझ्या मते तुम्ही नशीबवान, 2,100 गेले पण सुटलात.

मुलगा म्हणतो तसं फेकू नका, नदीत तर नाहीच नाही. ओळखीच्या वकिलाला विचारा आणि वनखात्याच्या ऑफिसला जमा करा, खरी की खोटी ते तेच सांगतील. विकणाऱ्याचा मेसेज, पावती, स्क्रीनशॉट डिलीट करू नका. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा घरी स्वतः बांधलेल्या काळ्या दोऱ्याच्या मागे लागत नाही, तो आहे चमत्काराच्या नावाने लोकांना फसवून पैसे उकळणाऱ्यांसाठी आणि साप-विंचू चावल्यावर माणसाला दवाखान्यात जाऊ न देता गंडेदोरे करणाऱ्यांसाठी.

गल्ल्यात काही ठेवायचंच ना? मग तुमच्या दुकानात वडिलांच्या वेळचं एखादं मापटं, चिपटं, निदान जुनं वजन तरी पडलेलं असणारच, पोत्यांच्या मागे बघा. ते चिंचेने घासून घ्या. खंडेनवमीला आपण हत्यारं पुजतो, शिंपी कात्री पुजतो, आता लॅपटॉपला पण झेंडू लागतो, तर दुकानदाराने मापटं पुजलं तर त्यात नवल काय? रोजची भवानी झाली की पहिली नोट त्या मापट्यात टाका आणि महिन्याच्या शेवटी ते पैसे मोजा. ज्या महिन्यात नोटा कमी त्या महिन्यात दुकान किती दिवस बंद राहिलं ते आपोआप कळतं. आणि धंदा का मंदावला ते त्या मुलालाच विचारा, गिऱ्हाईक हल्ली कुठून धान्य मागवतं हे त्याला तुमच्यापेक्षा जास्त माहीत असणार.

रिक्षाला दर शनिवारी लिंबू-मिरची बांधतो. स्टँडवर एकजण म्हणतो त्यात सायन्स आहे, दोऱ्यातून व्हिटॅमिन सी हवेत जातं. खरं काय? (कोल्हापूर)

नाही हो. व्हिटॅमिन सी असं हवेत उडत नाही. बांधायचं तर बांधा पण सायन्सचं नाव नको. बिब्बा असेल तर सांभाळून, त्याचं तेल अंगाला लागलं की फोड येतात, आणि जुनं लिंबू रस्त्यात टाकू नका, मागून येणारा टू-व्हीलरवाला ते चुकवायला जाऊन पडतो. तुमच्या रिक्षाच्या मागे पोरांची नावं लिहिलेली असतीलच? त्याच अक्षरांत एक नाव स्पीडोमीटरच्या काट्याशेजारी लिहून घ्या, चाळीसच्या पुढे काटा गेला की नाव झाकलं जाईल असं. पेंटरला सांगितलं की तो बरोबर करतो. आरशाला मात्र काही लटकवू नका, मागचं दिसत नाही.

फायनलला मी नेहमी एकच टी-शर्ट घालून मॅच बघतो, न धुता. यावेळी आईने धुतला आणि आपण हरलो. आईशी भांडण झालंय. चूक कोणाची? (नाशिक)

बॅट्समनची.

मोहिंदर अमरनाथ लाल रुमाल खिशात ठेवून खेळायचे, सचिन डावा पॅड आधी बांधायचा, पण ते दोघं मैदानात होते रे, तू सोफ्यावर. 1948 मध्ये स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांना ठरावीक वेळाने दाणे टाकले, कबुतरं काहीही करोत दाणे यायचेच, तरी एकेक कबुतर गोल फिरायला लागलं, एक मान हलवायला लागलं, त्यांना वाटलं आपल्यामुळेच येतायत. तू त्यांच्यातलाच आहेस, आणि खरं तर मॅच बघताना आम्ही सगळेच असतो, आमच्या ऑफिसात शेवटची ओव्हर असली की कोणी खुर्चीवरून उठलेलं चालत नाही. पण टी-शर्ट धुवायचा. पुढच्या फायनलला आईला शेजारी बसव, आणि हरलो तर परत टी-शर्टचं नाव काढायच्या आत भांडी घासायला ऊठ.