ग्रीक पुराणकथा आवडतात म्हणून पदवीला अथेन्सला जावं का?

तुम्ही लिहिलंय की बारावी कला शाखेतून झालीये, दहावीपर्यंत संस्कृत होतं, ट्रॉयच्या आणि ग्रीक देवांच्या गोष्टी लहानपणापासून वाचताय. घरचे म्हणतात, गोष्टी वाचायला एवढ्या लांब कशाला जायचं? मी अथेन्समध्ये चार वर्षं हेच शिकले, म्हणून उत्तर देते. जरा लांबेल.

आधी व्यवहाराचं. अथेन्सच्या राष्ट्रीय व कपोदिस्त्रियन विद्यापीठात प्राचीन ग्रीसचं पुरातत्त्व, इतिहास आणि वाङ्मय असा चार वर्षांचा बीएचा अभ्यासक्रम आहे. तो इंग्रजीतून चालतो आणि युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांसाठीच आहे. फी वर्षाला ६,००० युरो. अर्ज करताना ताजा आकडा बघून घ्या. राहणं-खाणं वेगळं. ब्रिटनमध्ये परदेशी विद्यार्थ्याला याच्या कितीतरी पट खर्च येतो. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नसते, पण पदवीचं शिक्षण जर्मनमधून, शिवाय लॅटिन-ग्रीकच्या परीक्षा द्याव्या लागतात. ग्रीसमध्ये राहण्याच्या परवान्याचे कागद मात्र वेळेवर सुरू करा. माझे अडकले आणि पहिल्या वर्षी घरी येता आलं नाही. दिवाळी फोनवरच झाली.

आता तुमचा खरा प्रश्न. जावं का? भाषा शिकायची तयारी असेल तर नक्की जावं. नुसत्या गोष्टींसाठी जाणार असाल तर पहिल्या सहा महिन्यांत हिरमोड होईल, कारण ते सहा महिने रूपं पाठ करण्यात जातात. लिपी आठवड्यात येते, चोवीसच तर अक्षरं. क्रियापदं मात्र घाम काढतात.

पण इथेच तुमचं शाळेतलं संस्कृत कामाला येतं, आणि हे मला जाण्याआधी कुणीच सांगितलं नव्हतं. ग्रीकमध्ये द्विवचन आहे. आत्मनेपदासारखा वेगळा प्रयोग आहे. भूतकाळात धातूच्या आधी आपल्या 'अ'सारखा 'ए' लागतो: संस्कृत 'अभरत्', ग्रीक 'एफेरे'. 'ददर्श' आठवतं? ग्रीकमध्ये 'देदोर्के'. तशीच द्विरुक्ती, तोच मूळ धातू. वर्गात बाईंनी हे रूप फळ्यावर लिहिलं, तेव्हा शेजारची मुलं ते नवीन म्हणून उतरवून घेत होती आणि माझ्या डोळ्यांसमोर आठवीचं संस्कृतचं पुस्तक उभं राहिलं. झेउस म्हणजे आपला द्यौ, आणि 'झेउस पातेर' म्हणजे वेदातला द्यौष्पिता. उच्चारांचंही तसंच. प्राचीन ग्रीकमध्ये प-फ, त-थ, क-ख असा फरक होता, अगदी आपल्यासारखा. इंग्रजी बोलणाऱ्यांच्या कानाला तो कळत नाही, आपण तो रोज तोंडाने करतो. (अथेन्समध्ये बहुतेक शिक्षक जुने पाठही आजच्या ग्रीक उच्चारात वाचतात. पहिले काही दिवस गोंधळ होतो, मग कान सरावतो.)

गोष्टींबद्दल. पुस्तकांत त्या एकेकच वाचल्यामुळे वाटतं की एक ठरलेली ग्रीक पुराणकथा आहे. तशी ती नाही. हेलनचंच घ्या. पॅरिसने तिला ट्रॉयला नेलं, तिच्यासाठी दहा वर्षं युद्ध झालं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण अथेन्सचा जुना नाटककार युरिपिडीस याच्या नाटकात हेलन ट्रॉयला गेलेलीच नाही. देवांनी तिची छाया तिकडे पाठवली आणि खरी हेलन सगळा काळ इजिप्तमध्ये होती. अध्यात्म रामायणातली छायासीता आठवली ना, रावणाने नेली ती खरी सीता नव्हेच? मलाही तीच आठवली, आणि मी उत्साहाने दोन्हींची तुलना करणारा निबंध लिहून दिला. बाईंनी समासात एवढंच लिहून परत केला: हे नाटक कधी रंगमंचावर आलं?

इ.स.पू. ४१२. त्याच्या आदल्याच वर्षी सिसिली बेटावरच्या युद्धमोहिमेत अथेन्सने तिकडे पाठवलेलं सगळं आरमार बुडालं आणि हजारो माणसं गेली होती. प्रेक्षकांत बसलेल्या कितीतरी जणांचे मुलगे, भाऊ परत आलेले नव्हते. त्यांच्यापुढे एक नट सांगतोय की ट्रॉयला माणसं मेली ती एका छायेसाठी. निबंध मी पुन्हा लिहिला. पुराणकथा एका बाजूला आणि इतिहास दुसऱ्या बाजूला असं शिकता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. कुठलीही कथा हातात आली की ती कोणी, कधी, कोणासमोर सांगितली हे विचारायचं. चार वर्षं मुख्यतः हेच शिकवतात. घरच्यांना सांगायचं झालं तर हे सांगा.

आणि ते तिथं जाऊनच का, याचं माझं उत्तर म्हणजे एक खापर. जुन्या अगोराच्या, म्हणजे प्राचीन शहराच्या बाजारचौकाच्या आवारात अत्तालोसची स्तंभपंक्ती आहे, १९५०च्या दशकात पुन्हा उभारलेली. तिच्यात संग्रहालय आहे. अथेन्सचे नागरिक एखाद्याला दहा वर्षांसाठी शहराबाहेर घालवायला मत देत, ते खापराच्या तुकड्यावर नाव कोरून. ते तुकडे तिथं काचेत ठेवलेत. एकावर थेमिस्टोक्लेसचं नाव आहे. इराण्यांविरुद्धच्या सालामिसच्या आरमारी लढाईत अथेन्सला वाचवणारा हाच, आणि लोकांनी शेवटी यालाच बाहेर काढलं. मी काचेला नाक लावून एकेक अक्षर जुळवलं: 'थेमिस्थोक्लेस नेओक्लेओस'. नेओक्लेसचा थेमिस्टोक्लेस (खापरावर 'स्थो' असंच कोरलंय). स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पूर्ण लिहायचं तर पुढे गाव, फ्रेआरिओस. आपल्याकडे नाव लिहितात तसंच! अडीच हजार वर्षांपूर्वीचं ते खापर मला एकदम गावच्या मतदार यादीतल्या ओळीसारखं वाटलं.

याच माणसाच्या नावाचे १९० तुकडे अक्रोपोलिस टेकडीच्या उत्तर उतारावरच्या एका विहिरीत सापडले, आणि त्यांवरचं अक्षर अवघ्या चौदा जणांचं आहे. म्हणजे विरोधकांनी आधीच कोरून ठेवलेले, वाटण्यासाठी. लोकशाही कशी चालायची हे ग्रंथांत वाचलं होतं. पण ते अक्षर ओळखायला शिकल्यावर ती माणसं जवळची झाली.

नोकरीचं विचारलंत. भारतात या पदवीवर थेट नोकरी जवळजवळ नाही. पुढे एमए, पीएचडी करावी लागते, किंवा संग्रहालय, अनुवाद, अध्यापन अशा वाटा शोधाव्या लागतात. घरावर कर्ज काढून जाणार असाल तर आधी हिशेब मांडा, घरच्यांसोबत बसून मांडा.

मी स्वतः आता शिलालेखांकडे वळलेय. त्याचं मूळ कोल्हापुरात आहे. आमच्या टाउन हॉल संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेला पॉसायडनचा छोटा काशाचा पुतळा आहे. शाळेच्या सहलीत तो पाहिला तेव्हापासून हा समुद्राचा देव पंचगंगेच्या काठी कसा पोचला, हा प्रश्न डोक्यात होता. व्यापाराने, एवढं आता सांगता येतं. पेरिप्लस या समुद्री व्यापाऱ्यांसाठीच्या जुन्या ग्रीक माहितीपुस्तकात सोपारा, कल्याण, पैठण, तेर ही आपली नावं आहेत.

तयारी म्हणून आजपासून दोन गोष्टी करा. ग्रीक लिपी शिका, आणि पर्सियस या मोफत डिजिटल ग्रंथालयात मूळ पाठ उघडून बघा. शब्दावर क्लिक केलं की त्याचं रूप कळतं. आणि सवड काढून कार्ल्याला जाऊन या. चैत्यगृहाच्या खांबांवर ब्राह्मीत दात्यांची नावं आहेत, त्यांतले काही धेनुकाकट या गावचे यवन आहेत (ग्रीकांसाठीचा आपला जुना शब्द). ब्राह्मीची अक्षरं कागदावर उतरवून न्या आणि खांबावर 'यवनस' ही चार अक्षरं शोधा. सकाळी लवकर पोचा, गर्दी कमी असते.