वाचकांचे प्रश्न : जुनी छोटी मोटार घेताना

प्रश्न : आम्ही धायरीला राहतो. सासूबाईंच्या गुडघ्यांमुळे त्यांना रिक्षात चढणे-उतरणे अवघड झाले आहे आणि महिन्यातून एकदा आम्हाला साताऱ्याजवळच्या गावी जावे लागते. त्यामुळे दोन लाखांच्या आत एक जुनी हॅचबॅक घ्यावी असे ठरले आहे. दोन गाड्या पाहिल्या. पहिली २०१३ सालची १.१ लिटरची ह्युंदाई आय-टेन. ती एका विक्रेत्याकडे आहे, ४८,००० किलोमीटर चाललेली आहे, रंग अगदी चकचकीत आहे, मात्र सर्व्हिसचा एकही कागद नाही. किंमत १,९०,००० रुपये. दुसरी २०१२ सालची मारुतीची वॅगन आर. कोथरूडच्या एका निवृत्त गृहस्थांची ही गाडी ९२,००० किलोमीटर चालली आहे, दारांवर ओरखडे आहेत, पण पहिल्या दिवसापासूनच्या पावत्या फाइलला लावलेल्या आहेत. किंमत १,६५,००० रुपये. दीर म्हणतात की कमी चाललेलीच घ्या. तुमचे मत काय?
– एक भगिनी, धायरी

उत्तर : तुमच्या दिरांचा सल्ला नव्यासारख्या गाडीच्या बाबतीत योग्य ठरला असता, बारा-तेरा वर्षांच्या गाडीच्या बाबतीत मात्र ती किती चालली यापेक्षा तिची निगा कशी राखली गेली हे अधिक महत्त्वाचे असते, आणि निगेचा पुरावा पावत्यांखेरीज दुसरीकडे मिळत नाही. म्हणून माझा कल स्पष्टपणे वॅगन आरकडे आहे, अर्थात गाडी प्रत्यक्ष तपासल्यानंतर.

४८,००० हा आकडा अशक्य नाही. पुण्यात अनेक गाड्या वर्षाला चार हजार किलोमीटरही चालत नाहीत. परंतु मीटर मागे फिरवणे हे फार कठीण काम राहिलेले नाही, त्यामुळे आकड्याला इतर खुणांची साथ हवी. क्लचच्या पेडलवरचे रबर गुळगुळीत झाले आहे का, चालकाच्या सीटची दाराकडील कड दबली आहे का, स्टिअरिंगवरचा पोत झिजला आहे का, हे पाहावे. टायरच्या बाजूवर डॉट (DOT) या अक्षरांनंतरच्या क्रमांकातील शेवटचे चार अंक आठवडा आणि वर्ष सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. गाडी खरोखरच इतकी कमी चालली असेल, तर अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये तिच्या क्रमांकावर जुन्या नोंदी सापडण्याची शक्यता असते. तेथे विचारण्यास विक्रेता टाळाटाळ करू लागला, तर त्या गाडीचा विचार सोडून द्यावा.

चकचकीत रंगाविषयी मला अधिक काळजी वाटते. जुन्या गाडीला विक्रीपूर्वी संपूर्ण रंग दिला जातो तेव्हा त्याखाली गंज, अपघात किंवा पुराचे पाणी यांपैकी काहीतरी झाकलेले असू शकते. सप्टेंबर २०१९ मध्ये आंबिल ओढ्याच्या पुरात आणि जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत शिरलेल्या पाण्यात कितीतरी मोटारी बुडाल्या. तुमच्या भागात हे कोणी विसरलेले नाही. अशी गाडी ओळखण्यासाठी सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा, कारण एरवी गुंडाळून राहणारा त्याचा भाग सहसा कोणी धूत नाही आणि त्यावर गाळाची तपकिरी रेघ राहून जाते. डिकीतील स्टेपनी काढून तिच्या खोबणीत हात फिरवावा, पायाखालचे कार्पेट उचलून त्याचा वास घ्यावा आणि सीटच्या रुळांवरील गंज पाहावा. बॉनेट व दारांचे बोल्ट पाना लावल्याने खरचटलेले दिसले, तर तो भाग कधीतरी उघडला गेला आहे. ओरखडे असलेली दारे याउलट बरी, कारण तेथे मूळ रंग शिल्लक आहे.

या दोन गाड्यांच्या इंजिनांत एक फरक आहे, तो लक्षात घ्यावा. १.१ लिटरच्या आय-टेनमध्ये टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनच्या झडपांची (व्हॉल्व्हची) उघडझाप वेळेवर घडवणारा रबरी पट्टा आहे. तो बदलल्याची पावती नसेल, तर तो बदललेला नाही असेच धरून चालावे, कारण चालत्या गाडीत तो तुटला तर व्हॉल्व्ह वाकून इंजिनचे हेड (वरचा भाग) खोलावे लागू शकते. २०१० पासूनच्या वॅगन आरच्या के-सिरीज इंजिनमध्ये बेल्टऐवजी चेन आहे आणि तेल वेळेवर बदलले असेल तर ती दीर्घकाळ टिकते. शिवाय वॅगन आरचे सीट उंच असल्यामुळे सासूबाईंना वाकून खाली बसावे लागणार नाही. रोजच्या वापरात हीच सोय सर्वांत मोलाची ठरेल.

गाडी पाहायला सकाळी जावे आणि ती आधी चालू करून ठेवू नये असे मालकांना आदल्या दिवशीच सांगावे. बॉनेटला हात लावून इंजिन थंड असल्याची खात्री करावी आणि मगच ती चालू करण्यास सांगावे. चालू होताच निळसर धूर निघत राहिला तर इंजिन तेल जाळत आहे. तेलाच्या झाकणाखाली साय धरल्यासारखा पांढरट थर दिसला आणि त्यासोबत कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) कमी होत असले, तर हेड गॅस्केट, म्हणजे हेडखालची सील, खराब झाल्याची शंका घ्यावी. त्यानंतर तुमचा नेहमीचा मेकॅनिक सोबत घेऊन, एसी लावून, जुन्या कात्रज घाटात गाडी चढवून पाहावी. चढावर इंजिनचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही असे झाले, तर क्लच प्लेट संपत आली आहे. उतारावर ब्रेक लावताना गाडी एका बाजूला खेचते का, हेही तेथेच कळेल. साताऱ्याहून परतताना नव्या कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार तुम्हाला दर महिन्याला उतरायचा आहे. तो किती अपघात पाहतो हे तुम्ही जाणताच. तेथे गाडी न्यूट्रल करू नये, खालच्या गिअरमध्येच ठेवावी.

सुरक्षेच्या बाबतीत एक गोष्ट मनापासून सांगतो. चालकासाठी एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) सर्व नव्या मोटारींना २०१९ मध्ये सक्तीचे झाले. त्याआधीच्या छोट्या गाड्यांच्या साध्या प्रकारांत ते बहुधा नसतात. महामार्गावर जाणार असाल, तर एअरबॅग आणि एबीएस असलेला प्रकार मिळतो का ते पाहावे, त्यासाठी आठवडाभर अधिक थांबावे लागले तरी थांबावे. मागे बसणाऱ्यांचेही पट्टे नीट लागले पाहिजेत.

ठरवलेले दोन लाख संपूर्ण गाडीवर खर्च करू नयेत. माझ्या मते किमान २५ ते ३० हजार रुपये बाजूला ठेवावेत, कारण पहिल्याच महिन्यात तेल, कूलंट, ब्रेक ऑइल, बॅटरी आणि सस्पेन्शनचे बुश यांवर खर्च होतो, आणि टायर कडक झालेले असतील तर तोही वाढतो. पेट्रोलमधील वाढलेल्या इथेनॉलमुळे या वयाच्या गाडीतील पेट्रोलचे रबरी पाइपही तपासून घ्यावेत. सुटे भाग नाना पेठेत सहज मिळतात. दोन्ही गाड्या रस्त्यावर इतक्या आहेत की त्याची चिंता नको.

प्रश्न : मी दोन वर्षांपूर्वी माझी गाडी एका एजंटामार्फत विकली. फॉर्मवर सह्या करून दिल्या, पैसे मिळाले, पण वेग मर्यादा ओलांडल्याची चलने अजून माझ्याच मोबाइलवर येतात. एजंट म्हणतो, काही होत नाही.
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : पुष्कळ काही होऊ शकते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला हस्तांतर कळवायचे असते. ते झाले नाही तर नोंदीत आपणच मालक राहता. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर राहते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात स्पष्ट केले आहे. म्हणून आजच आपल्या नोंदणीच्या आरटीओत, म्हणजे गाडी एमएच-१४ असेल तर पिंपरी-चिंचवड कार्यालयात, विक्रीची पावती, पैसे मिळाल्याचा बँकेचा पुरावा आणि खरेदीदाराचे ओळखपत्र जोडून लेखी कळवावे व पोच घ्यावी. खरेदीदाराला रजिस्टर्ड पत्राने नाव बदलण्यास सांगावे; तो सापडत नसेल तर पोलीस ठाण्यात अर्ज द्यावा. विमा कंपनीलाही कळवावे. वरील प्रश्नातील भगिनींनीही हे लक्षात ठेवावे: हस्तांतराच्या फॉर्म २९ व ३० वर मूळ मालकांच्या सह्या, आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) बँकेच्या कर्जाचा बोजा असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५, हे हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. आधी वाहन क्रमांकावर थकीत चलने पाहावीत.

प्रश्न : १५ वर्षे झाली की गाडी भंगारात द्यावीच लागते का?
– एक वाचक, हडपसर

उत्तर : नाही. महाराष्ट्रात खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनंतर तपासणीत उत्तीर्ण झाल्यास पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. त्यासाठी फॉर्म २५ भरून शुल्क आणि पर्यावरण कर द्यावा लागतो. दिल्लीच्या नियमांची चर्चा ऐकून येथे घाईने गाडी विकू नये. परंतु मुदत संपण्यास वर्ष-दोन वर्षेच उरली असतील, तर घेणाऱ्याने हा खर्च किमतीतून वजा करून मागावा.