मोडस पोनन्स (‘प’ आणि ‘प असेल तर क’ यांवरून ‘क’ काढायचा तर्कशास्त्राचा नियम) वाक्य म्हणूनच लिहून टाकलं तर नियम वेगळा कशाला?

म्हणजे तुमचं म्हणणं असं ना, की ‘प’ दिलंय, ‘प→क’ (प असेल तर क) दिलंय, मग ‘प आणि प→क असेल तर क’ हेही ॲक्झिअम (सिद्ध न करता धरलेलं वाक्य) म्हणून यादीत टाकलं की झालं, वेगळा नियम हवाच कशाला. मी एमएस्सीला असताना इथेच अडकलो होतो, सरांनी “नियम तो नियम” म्हणून फळा पुसला. विषय संपला!

करूनच बघा. समजा,
१) पाऊस पडला तर मॅच रद्द.
२) पाऊस पडला.
आता मॅच रद्द म्हणायचं, पण नियम नाहीये, म्हणून तुम्ही तिसरी ओळ लिहिली: १ आणि २ खरे असतील तर मॅच रद्द. बरं, मग? आता हातात तीन वाक्यं आहेत आणि मॅच रद्द अजून लिहिता येत नाहीच, कारण तिसरी ओळ पण परत ‘असेल तर’वालीच आहे, तिच्यातून ‘मॅच रद्द’ बाहेर काढायला चौथी लागणार, चौथीला पाचवी. ‘ॲलिस इन वंडरलँड’वाल्या लुईस कॅरोलने 1895 मध्ये ‘माइंड’ नियतकालिकात नेमकं हेच लिहिलंय, त्यात कासव अकिलीसला अशाच ओळी लिहायला लावतं आणि काही महिन्यांनी बघावं तर अकिलीस बाबा अजून कासवाच्या पाठीवर बसून वही भरतोय, हजार एक ओळी झाल्या तरी निष्कर्ष नाहीच.

घोडा अडीच घरं चालतो हे चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी पटावर ठेवली तर घोडा हलतो का? पटावर एक वस्तू वाढली, बस. नियम म्हणजे चाल करायची परवानगी, ती पटाबाहेरच असते.

उलटं, म्हणजे ॲक्झिअम काढून नुसते नियम ठेवणं, मात्र चालतं, आणि मला तरी हे कळल्यावरच डोक्यात प्रकाश पडला. गेन्टझेन या जर्मन तर्कशास्त्रज्ञाच्या नॅचरल डिडक्शन या सिद्धतेच्या पद्धतीत (1934-35) ॲक्झिअमशिवाय काम चालतं, सगळे नियमच. गणिती हिल्बर्टच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत ॲक्झिअम भरपूर, पण निदान मोडस पोनन्स तरी ठेवावाच लागतो. ‘प→प’ सिद्ध करायला गेन्टझेनकडे ‘प समजा’ म्हणायचं आणि लगेच ते गृहीतक सोडून ‘प→प’ लिहायचं, दोन ओळीत काम. हिल्बर्टकडे नेहमीची सिद्धता पाच ओळींची, तीन ॲक्झिअमच्या आणि दोन मोडस पोनन्सच्या, एवढ्याशा गोष्टीसाठी! त्या दोन ओळी खोडा आणि फक्त ॲक्झिअमवर ‘प→प’पर्यंत पोचून दाखवा.